माझगावचा कवटीवाला पोर्ट्रेट स्टुडिओ: बाबांना घेऊन गेले होते, त्याचा रिव्ह्यू

फोटोला पाचपैकी साडेचार, प्रिंटला तीन, जिन्याला शून्य. घाई असेल तर एवढं वाचून सोडून द्या, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

हा नेहमीसारखा फोटो स्टुडिओ नाहीये. पासपोर्ट साइज, प्री-वेडिंग, केकमध्ये बसवलेलं बाळ असलं इथे काही मिळत नाही. माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत जाण्यासारखं, एका जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी (चाळिशीची असेल, पण माझ्यापेक्षा लहान म्हणून मुलगीच) पोर्ट्रेट काढते आणि सगळे पोर्ट्रेट एकाच विषयावर, मरण. म्हणजे माणूस बसलेला, हातात किंवा शेजारी कवटी, नाहीतर एखादं हाड, सुकलेला शेवंतीचा हार, विझलेली समई, गेलेल्या माणसाचा चष्मा, आणि मागे काळाकुट्ट पडदा. युरोपात चारेकशे वर्षांपूर्वी अशी पेंटिंग्ज ढिगाने काढायचे, टेबलावर कवटी, विझत आलेली मेणबत्ती, वाळूचं घड्याळ, सांगायचं काय तर बाबा रे तुझीही वेळ येणार आहे. ही तेच कॅमेऱ्याने करते आणि पैसे घेऊन तुमचंही करून देते.

स्टुडिओचं नाव लिहीत नाहीये कारण तिनेच हात जोडून सांगितलंय. मागे कोणीतरी नाव-पत्त्यासकट फोटो टाकला तर तिला मेसेज काय आले माहितीये, वशीकरण करता का, गुप्तधन सापडेल का, एकाने तर कवटीचा रेट विचारला. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तरी ही तऱ्हा. बिचारी आता ओळखीतूनच काम घेते. मला माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं, तिने तिच्या सासूबाईंचा काढून घेतलेला.

आता तुम्ही म्हणाल असला फोटो काढायची हौस कोणाला. माझं कारण अगदी घरगुती आहे. आमच्याकडे भिंतीवर आईचा जो हार घातलेला फोटो आहे ना तो मावसभावाच्या लग्नातला आहे. ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला, त्यामुळे आई जराशी धूसर, आणि डाव्या खांद्यावर कोणाचातरी बांगड्या भरलेला हात तसाच राहिलाय, नाक्यावरच्या फोटोवाल्याला तो काही पुसता आला नाही. तो हात नक्की कोणाचा यावर आमच्याकडे अजून वाद आहेत. तुमच्याही घरात असा एखादा असणारच, नसला तर आधार कार्डावरचा असेल, नाहीतर आयुष्यात कधी कोट न घातलेल्या आजोबांना कॉम्प्युटरवर कोट चढवलेला. माणूस जिवंत असतो तेव्हा नीट फोटो काढायला कोणाला वेळ नसतो आणि मग बाराव्याच्या आदल्या दिवशी सगळे मोबाइल उपसत बसतात.

आणि दुसरं कारण म्हणजे बाबा स्वतः. बाबा आता ७८ वर्षांचे. परळला राहिलो आम्ही, मूळ सिंधुदुर्गातले, आणि बाबांची सगळी नोकरी एका मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी डिपार्टमेंटमध्ये गेली, डिसेक्शन हॉलचे अटेंडंट. टाकीतून बॉडी काढून टेबलावर आणायची, काम झालं की झाकायची, पोरांनी इकडेतिकडे केलेले तुकडे ज्याचे त्याच्याकडे परत ठेवायचे, हाडं साफ करून वाळवून कपाटात लावायची. फॉर्मलीनने डोळे चुरचुरायचे म्हणतात. घरी आले की आधी आंघोळ, मग चहा, तरी शर्टाला तो वास यायचाच आणि आम्हा भावंडांना लहानपणी तो बाबांचाच वास वाटायचा. त्यांनी देहदानाचा फॉर्म भरून ठेवलाय, सह्यासाक्षीदार सगळं करून, त्याची झेरॉक्स देव्हाऱ्याच्या खणात. म्हणजे उद्या मागे आमच्याकडे ना राख, ना अस्थी, ना नाशिकला जाणं. तर निदान एक धड फोटो असू दे असं माझं आपलं. बाबांना स्टुडिओचं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, कवटी कोणाच्या बापाने हाताळलीय का आधी ते विचार.

बुकिंग फोनवर. आणि इथे तिला पूर्ण मार्क, कारण आधी ती अर्धा तास नुसती बोलते. कोण येणार, तब्येत कशी, घरात नुकतंच कोणी गेलंय का. नुकतंच गेलं असेल तर काही महिने थांबा म्हणून सांगते, पैसे घेत नाही. जो बसणार आहे त्याच्याशी स्वतः बोलते, मुलांनी परस्पर ठरवलेलं चालत नाही. अस्थिकलश आणलात तर चालेल पण बंदच राहील. खरी हाडं आणायची नाहीत. एक मेडिकलचा मुलगा आपला बोन सेट पिशवीत घालून घेऊन आला होता, सीनियरकडून सेकंडहँड घेतलेला, त्यालाही तिने परत पाठवलं. शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीत शूट करू का, बाणगंगेवर करू का, असंही लोक विचारतात, त्यालाही नाही. मला हे आवडलं. तिकडे चेक देशात सेडलेक नावाच्या गावात एक चर्च आहे, आतमध्ये हजारो माणसांच्या हाडांची झुंबरं आणि माळा केल्यात, तिथे लोक इतके दात काढून सेल्फी घ्यायला लागले की शेवटी २०२० पासून परवानगीशिवाय फोटो बंद केले. तेव्हा नियम हवेतच.

रेट साधारण असा: डिजिटल सेशन १२ हजार, त्यात एक मोठी प्रिंट. फिल्मवर हवं तर २० च्या पुढे. महाग आहे का? आहे. पण ती दिवसाला एकच माणूस घेते आणि घड्याळ बघत नाही.

आता जिना. लाकडी, अंधारा, उभा, कठडा हलतो. लिफ्ट नाही. आणि मरणावर फोटो काढायचा तर येणार कोण, म्हातारी माणसंच ना! बाबा प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत चढले, वर पोचल्यावर म्हणाले फोटोची गरज नाय, थेट तिकडेच जातंय आता. तिने दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची ठेवलीय हे खरं, पण खुर्चीने काय होतंय. फोनवर अर्धा तास बोलतेस तर जिन्याचं स्पष्ट सांग ना बाई. टॉयलेट बाहेर कॉमन आहे, तेही धरून चाला.

आत मात्र जागा सुंदर. उंच छत, उत्तरेची मोठी खिडकी, तिच्यावर पातळ मलमलचा पडदा, आणि फोटोतला सगळा उजेड तेवढाच. लाइटचे स्टँड कोपऱ्यात झाकून ठेवलेले, ते म्हणे फक्त पावसाळ्यात काढते. मुंबईत नुसत्या खिडकीवर धंदा करायचा म्हणजे हिंमत पाहिजे.

चहा झाला आणि तिने लाकडी पेटीतून फडक्यात गुंडाळलेली कवटी काढली. पुढे जे झालं त्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहितेय.

बाबांनी ती घेतली, दोन्ही हातांनी, खालून. कॉलेजात फर्स्ट इयरची पोरं आली की प्रोफेसरांच्या आधी बाबाच शिकवायचे कवटी कशी धरायची, डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून बॉलसारखी उचलायची नाही, खोबणीची आतली भिंत कागदाइतकी पातळ असते, मोडते. घेतली, उलटी केली, खालचं मोठं भोक बघितलं, त्याच्या आजूबाजूची बारकी भोकं नखाने चाचपली आणि म्हणाले, "ही खरी न्हय."

ती हसायला लागली. "काका, कसं ओळखलंत?"

मग बाबांचा क्लास सुरू झाला. एक म्हणजे वजन, सगळीकडे सारखंच लागतंय. दुसरं, डोक्यावरचे सांधे नुसते कोरल्यासारखे, खऱ्यातले सांधे एकमेकांत घुसलेले असतात. तिसरं, खालच्या ज्या भोकांतून नसा आणि रक्तवाहिन्या जातात त्यातली बरीचशी तार घातली तर आरपार निघते, हिच्यात नुसते खड्डे आहेत. शिवाय शिकवायच्या कवटीचं वरचं टोपण करवतीने कापून हुकाने लावलेलं असतं, जबडा स्प्रिंगवर असतो, हिला दोन्ही नाही. तिने कबूल केलं, साच्यातून काढलेली रेझिनची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची आहे, खरी ती ठेवतच नाही.

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "नायतर मी विचारणारच होतो, कोणाची म्हणून."

हे माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये. कवटीबरोबरचे आर्ट फोटो इंटरनेटवर शेकड्यांनी आहेत, बघायला गेलं तर सुंदर असतात, मॉडेलचं नाव खाली असतं, फोटोग्राफरचं असतं, मेकअपवाल्याचंसुद्धा असतं. कवटीचं नसतं. आणि ती बऱ्याचदा आपल्यातल्याच कोणाचीतरी असू शकते, कारण जगभरच्या मेडिकल कॉलेजांना सांगाडे पुरवण्यात कित्येक वर्षं आपलाच देश पुढे होता, कोलकात्याला त्याचा मोठा धंदा होता, १९८५ मध्ये सरकारने निर्यात बंद केली तेव्हा कुठे थांबलं, म्हणजे कायद्याने तरी. परदेशात जुन्या सामानाच्या दुकानात मेडिकल स्कल म्हणून जे मिळतं त्यातलं कितीतरी इथून गेलेलं. ज्याच्या घरच्यांकडे जाळायला लाकडाचे पैसे नव्हते असाच कोणीतरी असणार ना तो. आपल्याकडेही १९४९ च्या ॲनाटॉमी ॲक्टखाली बेवारस बॉडी कॉलेजला जाते, बाबांनी आयुष्यभर तेच बघितलं, त्यांच्याकडे नंबर असायचे, नावं नसायची. त्यामुळे रेझिनची कवटी वापरते म्हणून काहींना ती नकली कलाकार वाटेल, वाटू दे. माझ्या मते इथे नकली हेच बरोबर आहे.

बरं, फोटो. तिच्या भिंतीवर जे नमुने लावलेत ना त्यातले निम्मे मला आवडले नाहीत, स्पष्ट सांगते. गालाला कवटी लावून बसलेली तरुण पोरं, काळी लिपस्टिक, डोळ्यांत खोटं पाणी. स्मशानवैराग्य सगळं, दुपारी बिर्याणीला गेले असतील. काळ्या कपड्यात नुसतं तोंड आणि मूठ दिसतेय असे पण चारपाच, ते रॉबर्ट मॅपलथॉर्प या अमेरिकन फोटोग्राफरच्या १९८८ च्या सेल्फ पोर्ट्रेटवरून घेतलेत हे ती लपवत नाही. तो मूळ फोटो जबरदस्तच आहे, मुठीत कवटीच्या मुठीची काठी, ती एकदम शार्प आणि मागे चेहरा किंचित आउट ऑफ फोकस, आणि त्याला तेव्हा एड्स झालेला होता, १९८९ च्या मार्चमध्ये गेलाच तो. त्याला पोझ घ्यायची गरजच नव्हती. धडधाकट माणसाने तेच केलं की नाटक वाटतं.

बाबांनाही तिने सुरुवातीला सांगून बघितलं, काका कवटी छातीशी धरा, खिडकीकडे बघा. बाबा ऐकेनात. म्हणाले असं कोण धरतं, पडेल. त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला, पिळून गोल चुंबळ केली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर कवटी बसवली, हॉलमध्ये टेबलावर कवटी गडगडू नये म्हणून ते तशीच ठेवायचे. मग वाकून, एक डोळा बारीक करून, ती सरळ करायला लागले. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका रेषेत यायला पाहिजे, माणूस सरळ समोर बघतो तेव्हा डोकं तसंच असतं. प्लॅस्टिकची आहे हे माहीत असून चांगली पाच मिनिटं त्यांची खटपट चालली होती.

आणि ती मुलगी गप्प. एक शब्द बोलली नाही, कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात जाऊन फोकस करत बसली. इथे मी तिला मानलं. स्वतःची पोझ सोडून देऊन समोर जे चाललंय ते घेणं सगळ्यांना जमत नाही.

आम्ही फिल्म घेतली होती, मोठ्या निगेटिव्हवाला कॅमेरा, एकेक शीट घालायची, खिडकीच्या उजेडात सेकंदभर तरी हलायचं नाही. बाबांच्या मानेमागे तिने एक लोखंडी स्टँड लावला, नुसता टेकायला. ते बघून मला व्हॉट्सॲपवर फिरणारे ते फोटो आठवले, व्हिक्टोरियन काळात म्हणे मेलेल्या माणसाला स्टँडला बांधून उभं करून फोटो काढायचे. तिने सांगितलं ते बहुतेक थापा आहेत, स्टँड जिवंत माणसांसाठीच असायचा, एक्स्पोजर लांब म्हणून मान हलू नये यासाठी, आणि तसल्या स्टँडवर मढ्याचं वजन पेलणारच नाही. मेलेल्यांचे फोटो काढायचे हे खरं, पण बहुतेक झोपवून, झोपलेत असं वाटावं म्हणून. गंमत म्हणजे प्रेताचं सोंग घेऊन काढलेला सगळ्यात जुना प्रसिद्ध फोटो एका जिवंत माणसाने स्वतःचाच काढलाय, इप्पोलित बायार नावाचा फ्रेंच माणूस, १८४० साल, फोटोग्राफीच्या शोधाचं सगळं श्रेय दागेर नावाच्या दुसऱ्याच फ्रेंच माणसाला गेलं म्हणून रुसून बुडून मेल्याचं सोंग केलं आणि फोटोमागे तसं लिहूनही ठेवलं. असलं बरंच तिला माहीत आहे, विचारलं तर रंगून सांगते, नाही विचारलं तर गप्प. मुंबईचंही सांगत होती, इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, आणि तिच्यात भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी होते, पेशाने डॉक्टर आणि फोटोग्राफर पण. बाबांना हे ऐकून फार बरं वाटलं, डॉक्टर म्हटलं की त्यांचं अर्धं काम होतं.

फोटो निवडायला पंधरवड्याने परत जावं लागतं (परत तो जिना, मी एकटीच गेले). सुरकुत्या, डाग, काही पुसत नाही, आधीच सांगते तसं. आम्ही घेतला तो चुंबळीवाला. बाबा कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत, कवटीकडे बघतायत, कपाळाला आठी, नोकरीत असायची तीच, कुठेतरी काहीतरी किंचित तिरकं आहे अशी. बोटं कवटीला लागायच्या जरा आधी थांबलेली. दुःख-बिख काही नाही त्यात. कामावरचा माणूस आहे. आमच्याकडे बाबांचा कामावरचा एकही फोटो नव्हता, असणार तरी कसा, तिथे कॅमेरा न्यायला बंदीच.

आता प्रिंटची तक्रार. कागद एक नंबर, जाड कॉटनचा, मॅट, शाई वर्षानुवर्षं टिकणारी, हे सगळं मान्य. पण प्रिंट फारच काळी! तिच्या खिडकीजवळ धरली तर सगळं दिसतं, बाबांच्या शर्टाची घडीन्घडी, आणि आमच्या घरात ट्यूबलाइटखाली लावली की काळा चौकोन आणि त्यात एक टक्कल आणि एक कवटी. घरात गॅलरीसारखे दिवे कोणाकडे असतात? सांगितल्यावर तिने थोडी उजळ प्रिंट काढून दिली पण अर्धे पैसे घेतले, आणि ते मला पटलेलं नाही. प्रिंट देतानाच विचारायला हवं की भिंत कुठली, उजेड कसला. फ्रेमचं काम ती बाहेर देते, तिथे पहिल्यांदा काच थेट प्रिंटला चिकटवून आणली होती, मुंबईच्या दमटपणात एका पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरते, म्हणून मध्ये माउंट बोर्डची पट्टी हवीच. ते मात्र तिने स्वतःच बघून, आम्ही न सांगता परत पाठवलं आणि नीट करून आणलं. यात तीन आठवडे गेले. निगेटिव्ह आपल्याला देते, बटर पेपरच्या पाकिटात, तो मोठा प्लस. सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा, कपाटात नुसती नको.

घरी मिश्र प्रतिक्रिया. आत्या दारातच म्हणाली जिवंत माणसाचा असला फोटो लावतात काय, अभद्र कुठचे, आणि खाली बसून बराच वेळ बघत राहिली, मग विचारलं ह्याचे किती घेतले. भाच्याने लगेच डीपी ठेवला. बाबांनी स्वतः बघून एवढंच सांगितलं की कवटी अजून एक सूतभर डावीकडे पाहिजे होती.

जायचं असेल तर काही गोष्टी. पावसाळा टाळा, खिडकीचा उजेड मिळत नाही आणि मग ती लाइट लावते, त्यातले फोटो मी बघितले, ते इतके खास नाहीत. सकाळी दहा ते बाराचा वेळ मागा. डिजिटलपेक्षा परवडत असेल तर फिल्मच घ्या, फरक दिसतो. पोझ आधी ठरवून जाऊ नका, आणि इन्स्टावरचे रेफरन्स तर मुळीच दाखवू नका, ती नाही म्हणत नाही आणि मग तुमचा पण गालाला कवटी लावलेला निघेल. माणसाने हाताने काय काम केलं आयुष्यभर ते तिला सांगा आणि त्यातली एखादी वस्तू बरोबर न्या, विळी, टेप, रंधा, काहीही, कवटी हवीच असं तिचं म्हणणं नाही. गुडघे दुखत असतील तर घरी येऊन काढते का विचारा, मैत्रिणीच्या सासूबाईंचा तसाच काढलाय म्हणे, चार हजार जास्त घेतले. प्रिंट घ्यायच्या आधी तुमच्या भिंतीचा रात्रीचा फोटो मोबाइलवर तिला पाठवा. पैसे जीपेवर चालतात, बिल मागितलं तरच देते. खाली पार्किंग नाही.